भाषा त्याची, माल आपला: एआयकडून कव्हर लेटर लिहून घेण्याची रीत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत होती. साहेबांनी माझं कव्हर लेटर समोर धरलं आणि विचारलं, "सीएमएमवर काम केलंय म्हणता. प्रोब क्वालिफाय कसा करता, सांगा बरं." मला काही सांगता येईना. सीएमएम म्हणजे जॉबची मापं मोजणारं मशीन. त्याच्या खोलीत मी फक्त जॉब, म्हणजे तपासायचे भाग, नेऊन ठेवायचो, मशीनला हात लावायची मुभाच नव्हती. चॅटजीपीटीला मी "सीएमएम रूमला जॉब द्यायचो" असं सांगितलं होतं, त्याने त्याचं "सीएमएम हाताळलं" करून टाकलं आणि मी ते न वाचता पाठवलं. मुलाखत तिथेच संपली. साहेब चांगले होते, चहा पाजून पाठवलं.

त्यानंतर बरेच अर्ज केले, स्वतःचे आणि भावाबहिणींचेही. त्यातून जी रीत बसली ती इथे लिहितो. डिप्लोमा, आयटीआय, बी.कॉम., बी.एस्सी. झालेले, इंग्रजी वाचता येतं पण लिहायला बसलं की हात अडतो, अशा आपल्याकडच्या मुलामुलींसाठी हे आहे.

हाताशी काय ठेवायचं

- मोबाइल पुरे, लॅपटॉप असलाच पाहिजे असं नाही. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, कोपायलट यांपैकी कोणतंही एक, फुकटातलं. कोणतं चांगलं यावर रात्र घालवू नका, या कामाला सगळी चालतात.
- कंपनीची जाहिरात, म्हणजे जेडी. व्हॉट्सॲपवर फोटो आला असेल तर तोच फोटो टाकला तरी ही साधनं वाचतात.
- शेवटची मार्कशीट, पदवी किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र, अनुभवाचं पत्र. हे कागद चॅटमध्ये टाकायचे नाहीत, समोर ठेवून ताडून बघायचे आहेत.
- एक कोरी वही. हसू नका, तिसऱ्या पायरीला लागेल.
- नावाचा साधा ईमेल. शाळेत असताना उघडलेला 'किंग' किंवा 'बॉस'वाला असेल तर नवा काढा.

१. आधी बघा, पत्र लागतं का

जिल्हा परिषद, तलाठी, एमपीएससी, बँकांच्या परीक्षा, यांना ऑनलाइन फॉर्म असतो. तिथे कव्हर लेटर कुणी मागत नाही. वॉक-इन असेल तर रेझ्युमेच्या चार प्रती आणि वेळेवर पोचणं, एवढंच. पत्र लागतं ते एचआरच्या ईमेलवर अर्ज करताना, कंपनीच्या साइटवर 'कव्हर लेटर' असा रकाना असेल तेव्हा, किंवा ओळखीतल्या कुणी "साहेबांना मेल टाक" म्हटलं तेव्हा.

आणि जो आधी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे मागतो त्याला पत्र लिहूच नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, मित्रांना विचारत बसू नका.

२. जाहिरात पेन घेऊन वाचा

जेडीत दहा-बारा ओळी असतात, पण कंपनीला त्यातल्या तीन-चारच खऱ्या लागतात. बाकीचं ('गुड कम्युनिकेशन', 'टीम प्लेयर') सगळेच छापतात. ज्या ओळीत मशीनचं, सॉफ्टवेअरचं, कागदपत्राचं किंवा शिफ्टचं नाव आहे तिच्याखाली रेघ मारा. जागा वाळूजची आहे, शेंद्र्याची, चिकलठाण्याची की जालन्याची, तेही बघा. वाळूजला खोली घेऊन राहणारा मुलगा शेंद्र्याची जनरल शिफ्ट कशी करणार, हा प्रश्न एचआर विचारतेच.

नेमकं कळत नसेल तर एआयला विचारा: "या जाहिरातीत रोज प्रत्यक्ष काय काम करावं लागेल ते मराठीत सोपं करून सांग." एवढ्या एका कामासाठी तरी हे साधन सोन्यासारखं आहे. 'पीपीएपी डॉक्युमेंटेशन' (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) म्हणजे काय, हे विचारायची लाज मला तीन महिने वाटत होती.

३. आपलं काम मराठीत ओतून घ्या

सगळा खेळ या पायरीवर आहे, म्हणून इथे घाई नको.

बहुतेक जण एआयला थेट लिहितात: "क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी कव्हर लेटर दे." त्याला तुमच्याविषयी काहीच माहीत नसतं, मग तो हवेतून आणतो. "आय ॲम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट" या वाक्याने सुरू होणारं पत्र येतं, आणि तेच तुमच्या वर्गातल्या बाकीच्यांनाही आलेलं असतं. आमच्या पॉलिटेक्निकच्या पाच पोरांनी एकाच मल्टिसर्व्हिसेसमध्ये बसून एकाच कंपनीला अर्ज केले होते. पाचही पत्रांची पहिली ओळ अक्षरशः एक. एचआरच्या मॅडमनी फोनवर विचारलं, "तुम्ही भाऊ-भाऊ आहात का?"

म्हणून आधी वही. काम करताना दिवसभर काय करायचो, ते जसं घरी आईला सांगाल तसं लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर बोला. आपलं 'करायलो', 'जायलाव' त्याला नीट झेपत नाही, भलतंच काहीतरी उमटतं, तेवढं दुरुस्त करा. माझ्या वहीत असं होतं:

"शिफ्ट सुरू झाली की चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरचा फर्स्ट पीस चेक करायचो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज. ड्रॉइंगशी ताळा. दर दोन तासाला पाच-पाच जॉब. रिजेक्शन निघालं की लाल बिनमध्ये टाकून रजिस्टरला नोंद. एकदा आयडी (आतला व्यास) सतत अंडरसाइज येत होता, ऑपरेटर ऐकेना, मी सुपरवायझरला बोलावून मशीन थांबवलं. इन्सर्ट (टूलची धार) घासला होता."

ते शेवटचं वाक्य मला लिहावंसंच वाटत नव्हतं, त्यात काय मोठं! पण पुढे दोन मुलाखतींत साहेबांनी विचारलं ते त्याच इन्सर्टबद्दल.

ज्यांना 'अनुभव नाही' वाटतं त्यांनी ही पायरी दुप्पट वेळ घेऊन करा. माझी चुलत बहीण सेलूची, बी.कॉम. झालेली. जालन्याच्या एका स्टील रोलिंग मिलमध्ये अकाउंट्स असिस्टंटची जागा होती. ती म्हणाली, "दादा, मी तर फ्रेशर." काकांचं मोंढ्यात (धान्यबाजारात) आडतीचं दुकान, आणि सोयाबीनच्या हंगामात शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या चार वर्षं तीच काढायची. हमाली, तोलाई कापून पट्टी करायची, उचल वजा करायची, खरेदीदाराकडून येणं बाकी किती ते रोज रात्री काकांना सांगायचं. पट्टीत दहा रुपयांचा फरक आला की शेतकरी समोर उभा राहतो, तिथे हिशोब चुकवून भागत नाही. याला अनुभव नाही तर काय म्हणायचं? फक्त कागदावर कुठे नोंद नाही, म्हणून पत्रात "कुटुंबाच्या व्यवसायात" असं स्वच्छ लिहायचं, कंपनीत नोकरी केल्यासारखं भासवायचं नाही.

मात्र आपले शब्द त्याला फोड करून सांगावे लागतात. "हमाली-तोलाई बघते" असं तिने टाकलं, तर पहिल्या मसुद्यात ती पोती उचलते आणि वजन करते असं आलं. "हमाली आणि तोलाई हे पट्टीतून कापले जाणारे खर्च आहेत, त्यांचा हिशोब मी ठेवते" असं सांगितल्यावर बरोबर उतरलं. आडत, मोंढा, पट्टी, उचल, मुकादम, बटई, असा कोणताही शब्द आला की एका ओळीत अर्थ द्या.

४. मग सूचना द्या, आणि कडक द्या

मी वापरतो ती सूचना जशीच्या तशी देतो. मराठीतच टाका, चालतं.

"खाली दोन गोष्टी आहेत. पहिली कंपनीची जाहिरात, दुसरी माझी माहिती. माझ्या माहितीत नसलेला एकही अनुभव, आकडा, मशीन किंवा कोर्स पत्रात घालू नकोस. जाहिरातीत मागितलंय पण माझ्याकडे नाही, अशा गोष्टींची वेगळी यादी दे. लिहिण्याआधी तुला काही विचारायचं असेल तर एकेक प्रश्न मराठीत विचार. माझी उत्तरं झाल्यावर २०० ते २५० शब्दांचं कव्हर लेटर साध्या इंग्रजीत लिही. छोटी वाक्यं. स्वतःची स्तुती करणारी विशेषणं नकोत. पहिल्याच वाक्यात कोणती जागा आणि माझं सगळ्यात जवळचं काम कोणतं ते आलं पाहिजे."

यातलं "आधी प्रश्न विचार" हे सोडू नका. बहिणीला त्याने विचारलं, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढलंय का? तिने कधीच काढलं नव्हतं. मग पत्रात एवढंच गेलं की टॅली आणि जीएसटीची नोंद येते, ई-वे बिल शिकायची तयारी आहे. मुलाखतीआधी तिने आडतीतल्याच एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे बसून ते बघूनही घेतलं.

आधार, पॅन, बँक खातं, पूर्ण पत्ता, आईवडिलांची माहिती यातलं काहीही चॅटमध्ये टाकू नका. पत्राला त्याची गरजच नसते. फोन नंबर शेवटी स्वतःच्या हाताने घाला. बरीच साधनं तुमचं बोलणं पुढे शिकण्यासाठी वापरतात, सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. सध्याच्या कंपनीचे ड्रॉइंग नंबर, ग्राहकांची नावं, रेट हेही तिकडे द्यायचे नाहीत, ती कंपनीची मालमत्ता असते. सायबर कॅफेत बसला असाल तर उठताना लॉग आउट. पुढचा गिऱ्हाईक तुमचं पत्र त्याच्या नावाने पाठवेल, तेवढी आपल्याकडे कल्पकता आहे.

५. आलेलं पत्र चाळणीतून काढा

प्रिंट काढा किंवा वहीत उतरवा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: यावर साहेबांनी "कसं?" विचारलं तर मला दोन मिनिटं बोलता येईल का? नाही आलं तर वाक्य खोडा. माझं सीएमएम या एका प्रश्नाने पकडलं गेलं असतं.

नेहमी सापडणाऱ्या भानगडी:

टक्क्यांचे आकडे. "रिजेक्शन ३० टक्क्यांनी कमी केलं" असं वाक्य बजावून सांगूनही कधीमधी घुसतं. मोजलेलं नसेल तर ठेवू नका. 'दर शिफ्टला चार मशीन' हा खरा आकडा त्याहून वजनदार आहे.

पद वाढवणं. तुम्ही हेल्पर होता, तो 'असोसिएट' करतो. दोन ट्रेनींना काम दाखवलं, तर 'टीम लीड केली' होतं. अनुभवपत्रावर जे पद आहे तेच.

विद्यापीठ आणि गावांची नावं. आपल्याकडे हे फारच होतं. डिप्लोमा झालेल्यांना तो हटकून 'युनिव्हर्सिटी' चिकटवतो, खरं तर तो महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा असतो. पदवीवाल्यांना 'मराठवाडा युनिव्हर्सिटी' देऊन मोकळा होतो. १९९४ पासून आपल्याकडे बी.कॉम., बी.एस्सी.सारख्या पदव्यांची दोन सरकारी विद्यापीठं आहेत: संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. प्रमाणपत्रावर छापलंय तेच पूर्ण नाव घाला. शहराचंही तसंच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण जुन्या मार्कशीटवर जुनी नावं आहेत. पत्ता लिहिताना आजचं नाव, शिक्षण लिहिताना कागदावरचं. बाहेरच्या कंपनीला नुसतं 'औरंगाबाद' लिहिलं तर बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, हे ध्यानात असू द्या.

सीजीपीएचे टक्के त्याला करायला लावू नका. मार्कशीटवर जसं असेल तसं.

दुष्काळ. ही माझी खास तक्रार. बीड किंवा लातूर लिहिलं की याला दुष्काळ आठवतो. माझ्या एका मसुद्यात त्याने मी 'दुष्काळग्रस्त भागातून जिद्दीने' आलो असं लिहून ठेवलं होतं. आमच्या अंबाजोगाईजवळच्या शेतात त्या वर्षी पाणी साचून सोयाबीन सडलं होतं! गरिबीची गोष्ट पत्रात नको. साहेबांना मायक्रोमीटर वाचणारा माणूस पाहिजे.

चौकटी कंसातलं 'येथे कंपनीचे नाव लिहा' तसंच राहणं. आणि त्याहून वाईट म्हणजे मागच्या कंपनीचं नाव राहणं. हे माझ्याकडून दोनदा झालंय. तेव्हापासून पाठवण्याआधी कंपनीचं नाव मोठ्याने वाचतो.

कंपनीविषयीची माहिती. तुमचा हा प्लांट, तमकं उत्पादन, असं तो ठामपणे लिहितो आणि ते जुनं किंवा साफ चूक असू शकतं. कंपनीच्या साइटवर दिसलं तरच ठेवा. नाहीतर कंपनीची स्तुती पूर्ण काढून टाका, पत्राचं काही बिघडत नाही.

इंग्रजी शब्द. जो शब्द तुम्हाला उच्चारता येत नाही तो पत्रात नको. "याहून सोपा शब्द दे" म्हणा, लगेच देतो. माझं शेवटचं पत्र असं सुरू होतं: "आय चेक्ड द फर्स्ट पीस ऑन फोर सीएनसी मशीन्स एव्हरी शिफ्ट फॉर टू इयर्स." दहावीच्या पोरालाही कळेल, आणि ते माझंच वाक्य आहे.

एक विचारतात बरेच जण: एआयने लिहिलंय हे ओळखू येईल का? ओळखायचं सॉफ्टवेअर भरवशाचं नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं एक साधन नीट ओळखता येत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. पण रोज शंभर पत्रं वाचणाऱ्या एचआरला पोकळ पत्र दोन ओळींत कळतं, ते माणसाने लिहिलेलं असो की मशीनने. 'माणसासारखं करून देतो' म्हणणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका, त्या चांगल्या वाक्यात विचित्र शब्द कोंबतात.

६. गॅप असेल तर

आपल्याकडे सगळ्यात जास्त गॅप स्पर्धा परीक्षेचा. पुण्यात किंवा संभाजीनगरात दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत गेलेली. एआयला सांगितलं की तो त्याला 'आत्मविकासाचा काळ' वगैरे करतो. तसं काही नको. एका वाक्यात: अमुक ते अमुक वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी केली, ती थांबवली, आता खासगी क्षेत्रातच काम करायचं आहे. शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण कंपनीला भीती एवढीच असते की जाहिरात निघाली की हा पळेल. घरचं आजारपण, शेती, लग्न, बाळंतपण, याला तर अर्धं वाक्यही पुरे.

७. अर्ज मराठीत द्यायचा असेल तर

संस्थेची शाळा, पतसंस्था, साखर कारखाना, इथे मराठी अर्जच चालतो. तिथे एआय फार वापरू नका. त्याचं मराठी "मी आपल्या प्रतिष्ठित संस्थेतील पदासाठी माझी तीव्र स्वारस्य व्यक्त करत आहे" अशा थाटाचं येतं. मुख्याध्यापकांना ते वाचून घाम फुटेल. 'प्रति, मा. अध्यक्ष', 'विषय', 'महोदय', दोन परिच्छेद, 'आपला विश्वासू', ही आठवीत शिकलेली मांडणी अजून चालते. हाताने लिहा. त्याच्याकडून फक्त शुद्धलेखन तपासून घ्या, आणि तेही डोळे झाकून मान्य करू नका.

८. पाठवताना

मेलवर अर्ज असेल तर पत्र मेलच्या मजकुरातच टाका, रेझ्युमे पीडीएफ जोडा. साइटवर रकाना असेल तर पत्राचीही पीडीएफ. चॅटमधून कॉपी केल्यावर तारे, हॅशच्या खुणा सोबत येतात. आधी गूगल डॉक्समध्ये चिकटवून साफ करा. फाइलचं नाव 'न्यू फायनल २' नको, तुमचं नाव आणि पद. विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीचा क्रमांक असेल तर तो, आणि नोटीस पीरियड. पगार विचारला असेल तरच लिहा.

आणि जोडणी बघा. "पीएफए" (प्लीज फाइंड अटॅच्ड) लिहून काही न जोडलेले मेल आपण सगळ्यांनी पाठवलेत.

९. पाठवल्यावर

वहीच्या मागच्या पानावर तारीख, कंपनी, पद आणि कोणतं पत्र गेलं ते लिहा. फोन येतो तेव्हा नेमकं कुणाला काय लिहिलं होतं ते आठवत नाही. आठ-दहा दिवसांनी दोन ओळींचा एक मेल चालतो, रोज नको.

पत्र आणि जेडी परत एआयला द्या आणि म्हणा, "तू क्वालिटी मॅनेजर आहेस, या पत्रावरून मला दहा प्रश्न विचार, एकेक करून." उत्तरं टाइप करू नका, तोंडाने द्या. बहिणीने हे काकांसमोर बसून केलं. पट्टीचा प्रश्न आला की काकाच मध्ये उत्तर द्यायचे.

अनोळखी नंबर दिसला की लोनवाला समजून आपण फोन कापतो. तेवढे दिवस कापू नका. ०२४० ने सुरू झाला तर संभाजीनगर, ०२४८२ असेल तर जालना. बहिणीला आलेला पहिला फोन तिने दोनदा कापला होता, तिसऱ्यांदा काकूंनी उचलला.